आप्पांची जलचौकी

आमच्या डेअरीच्या आप्पांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट सुरुवातीपासून पाहिलेली नव्हती. कीर्तनाला ते पोचायचे तेव्हा बुवा आख्यानाच्या ऐन मध्यात असायचे. लग्नाला पोचायचे तेव्हा अक्षता पडून पंगत बसलेली असायची. सख्ख्या धाकट्या भावाच्या लग्नातसुद्धा नवरीचं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते ती जिलेबी वाढायला आली तेव्हा. कारण साधं होतं. गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, टेस्टर, शिपाई, झाडूवाले सगळं तेच, आणि दूध रोज दोन वेळा येतं. जगातले बहुतेक कार्यक्रम नेमके त्याच वेळी सुरू होतात. याचं आप्पांना कधी वाईट वाटलं नाही. म्हणायचे, "सुरवात सगळ्याची सारखीच असती बे. मदी जाऊन बसावं, आपोआप कळतं."

गाव त्यांना मागून फॅटआप्पा म्हणायचं आणि अंगावर बघाल तर चिमूटभर चरबी सापडायची नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बनियनच्या आत चांदीच्या करंड्यात लिंग, कानावर पेन. बाईनं किटली पुढं केली की आप्पा दुधाचं सॅम्पल आधी उजेडाकडं धरायचे, डोळे बारीक करायचे आणि तोंडातल्या तोंडात फॅटचा एक आकडा पुटपुटायचे. मग सॅम्पल मशीनमध्ये. मशीन बहुतेक वेळा तोच आकडा दाखवायचं. पण कधी फरक पडला तर पावतीवर मशीनचाच आकडा जायचा, मग ती बाई त्यांच्या सख्ख्या नात्यातली का असेना. "माझा अंदाज माझ्या घरी," असं ते म्हणायचे, आणि त्यावर वाद घालायला कुणाची टाप नव्हती.

मी त्या वर्षी औरंगाबादहून घरी आलो होतो. तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे खोलीवर पडून मोबाईल बघत होतो. पाऊस गेल्या हंगामात पळून गेला होता, गावात टँकर चालू झाला होता, आणि आमची तीन जनावरं शेजारच्या गावाजवळच्या चारा छावणीत होती. वडिलांचा निरोप आला, "तुजा अभ्यास हिकडंबी होतोय, ये." आलो. गावात लाइट दिवसातून काही तास. मोबाईलला रेंज नीट यायची ती फक्त डेअरीच्या पायरीवर, आणि डेअरीत मशीनसाठी इन्व्हर्टर होता. त्यामुळं संध्याकाळ झाली की मी चार्जर घेऊन तिथं हजर.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करतो. मी 'सितारा फौज'चा पक्का भक्त होतो. परदेशी मालिका, हिंदीत डब केलेली, अवकाशातल्या फौजांच्या लढाया, आठ सीझन. मी सगळे तीनतीनदा पाहिले होते. कुठलं जहाज कुठल्या ग्रहावर बांधलं, कोण कुणाचा मावसभाऊ, मला तोंडपाठ. त्याच वर्षी त्या मालिकेतून फुटून एक नवी मालिका निघाली, 'जलचौकी'. मोठ्या युद्धाच्या आधीची गोष्ट. अवकाशात एका कोपऱ्यात पाणी साठवून ठेवणारं एक ठाणं, तिथं येणारी जाणारी जहाजं, आणि ते ठाणं सांभाळणारी एक पांढऱ्या केसांची कप्तानीण. दर शुक्रवारी एक भाग. खरं सांगायचं तर मला ती जरा बेताचीच वाटायची. ना मोठी लढाई, ना राजवाडे. पण घराण्यातली मालिका म्हणून मी निष्ठेनं बघत होतो.

एका संध्याकाळी आप्पा बाटल्या विसळत विसळत माझ्या मागं येऊन उभे राहिले. "काय बघायलास बे?"

"'जलचौकी'. पण आप्पा, तुम्हाला नाही कळायचं. आधी मूळ मालिका बघावी लागते. आठ सीझन आहेत."

"मला त्यांच्या घरी सोयरीक करायची हाय का? खानदान कशाला काढतूस? सरक तिकडं."

सरकलो. ते टेकले. पाच मिनिटं बघितलं असेल. मग म्हणाले, "ही बाई पाणी वाटती, आन् बाकीचे तिला फसवायला बघायलेत. बराबर हाय का?"

मी या मालिकेवर इंटरनेटवरचे पानपानभर लेख वाचले होते. त्यातल्या एकाही पठ्ठ्याला ही गोष्ट एवढ्या थोडक्यात सांगता आली नव्हती. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात प्रयागमावशी किटली घेऊन आल्या. आमच्या गल्लीतल्या. घरी एकच म्हैस ठेवलेली, बाकीची जनावरं छावणीत. दूध घालून झालं तरी त्या हलेनात. मोबाईलच्या पडद्यावर कप्तानीण एका जहाजाच्या टाकीत नळी सोडून काट्याकडं टक लावून बघत होती. मावशी म्हणाल्या, "मापात खोट न्हाई बाईच्या." आप्पांनी मान डोलावली, जशी काही ती कप्तानीण त्यांच्याच संस्थेची सभासद होती.

त्यानंतर आठवडाभरात मालिकेतल्या सगळ्यांचं बारसं झालं. कप्तानीण झाली टाकीवाली. काळ्या जहाजांची एक कंपनी ते ठाणं गिळायला टपलेली होती, तिला मूळ मालिकेत भलंमोठं भारदस्त नाव आहे. इथं ते झाले टँकरवाले. यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ठाण्यात एक सहा पायांचं केसाळ जनावर होतं, ते बर्फाचा चुरा चाटत हिंडायचं. त्यावर डेअरीच्या पायरीवर खूप चर्चा झाली. आचळ किती असतील, फॅट किती लागेल. छावणीत मोठ्या जनावराला चारा जास्त, लहानाला कमी, मग याला कशात धरायचं? आप्पांनी निकाल दिला, "पाय मोजून चारा देत न्हाईत. तोंड एकच हाय, एकाच जनावराचा मिळंल."

हे सगळं हसण्याखिदळण्यात चाललं होतं, पण आप्पांच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. दूध न्यायला तालुक्याच्या दूध संघाचा टेम्पो यायचा. संघाच्या सुपरवायझरनं सांगितलं होतं की संध्याकाळचे दोन कॅन भरत नसतील तर टेम्पो या रस्त्याला वळणार नाही, डिझेल परवडत नाही. सकाळचं दूध कसंबसं जमायचं. संध्याकाळी मात्र बायका येईनाशा झाल्या होत्या. जनावरं छावणीत, घरी राहिलेली एखादी म्हैस अर्धा-एक लिटर देणार, टँकरच्या रांगेतून आलेल्या बाईनं तेवढ्यासाठी परत उन्हातून डेअरीपर्यंत कशाला यावं? घरीच चहाला वापरायच्या नाही तर हॉटेलवाल्याला द्यायच्या. कॅन दीडावर आले होते, आणि टेम्पो बंद म्हणजे संस्था बंद.

मी एकदा म्हणालो, "बंद पडली तर पडली आप्पा. खाजगीवाला येतोच की गाडी घेऊन." आप्पा चिडलेले मी फार कमी वेळा पाहिलेत. तेव्हा चिडले. म्हणाले, "त्यो दूध हातानं हालवून बघतो आन् म्हणतो पातळ हाय. झालं. बाई काय बोलणार? तिच्या बाजूनं बोलायला मशीन पायजे. तीस वर्सं मी हितं कशाला बसलोय? तुला वाटलं, मला दुधाचा वास आवडतो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरचा टीव्ही खाली काढला. संस्थेला पूर्वी कधीतरी उत्कृष्ट काम म्हणून संघाकडून मिळालेला, आप्पांच्या बायकोनं विणलेल्या झालरीच्या कव्हरात गुंडाळलेला, एकदाही न लावलेला. मला केजच्या बाजारात पिटाळलं, मोबाईल टीव्हीला जोडायची वायर आणायला. जीपच्या टपावर बसून गेलतो, इतकी गर्दी, पण खरं सांगतो, मला स्वतःलाच उत्साह आला होता. मी परत येईपर्यंत आप्पांनी दारावर खडूनं नियम लिहून ठेवला होता, "दूध घालील तो बसेल." खाली बारीक अक्षरात, "कितीही घाला."

पण खरा कहर त्यांनी पुढं केला. मालिकेचा भाग आठवड्याला एक, आणि कॅन भरायचे रोज. म्हणून आप्पांनी एका भागाचे सात तुकडे केले. रोज संध्याकाळी एक तुकडा. तो कुठं तोडायचा यालाही काही धरबंध नव्हता. टेम्पोचा हॉर्न वाजला की टीव्ही बंद. टाकीवाली कुणाच्या तरी कानशिलात मारायला हात उचलते, पों, बंद. तो हात पूर्ण एक रात्र आणि एक दिवस हवेत राहिला. मी अक्षरशः विनवण्या केल्या. म्हणालो, आप्पा, हे पाप आहे, असं कुणी बघत नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "किटलीभर दुधातनं मी चमचाभर काढतो. त्या चमच्यात सगळं दूध कळतं का न्हाई?"

आणि काय सांगू, काय मजा आली. दिवसभर गाव त्या हाताबद्दल बोलायचं. टँकरच्या रांगेत घागरी ठेवून बायका अंदाज बांधायच्या, मारील की नाही मारणार. छावणीतले लोक चाऱ्याच्या ट्रॅक्टरबरोबर निरोप पाठवून विचारायचे, काय झालं पुढं. सव्वापाचला डेअरीच्या पायरीवर चपलांचा ढीग. कुणी लिटर आणतंय, कुणी तांब्याभर, एक आजोबा शेळीचं दूध घेऊन आले आणि आप्पांनी त्यांना संस्थेत गाई-म्हशीचंच चालतं हा नियम समजावून परत पाठवलं, तर ते अर्ध्या तासानं लेकीच्या घरून गाईचं पावशेर घेऊन आले. कॅन पावणेदोन झाले, मग दोन, मग एक दिवस दोन भरून वर चरवीभर उरलं. टेम्पोच्या ड्रायव्हरला कळेना की या गावातल्या म्हशींना दुष्काळात कुठला चारा मिळायला लागला.

मलाही आता 'जलचौकी' जिवापाड आवडायला लागली होती. एकट्यानं बघताना जे दृश्य मी कंटाळून पुढं ढकललं असतं, ते चाळीस माणसांत बसून बघताना श्वास रोखून बघितलं. टाकीवालीनं टँकरवाल्यांची नळी कुलूप लावून बंद केली त्या दिवशी प्रयागमावशींनी मांडीवर थाप मारली. त्या कप्तानिणीचं काम करणाऱ्या नटीला कधी कळायचं नाही, पण आमच्या गावात त्या दिवशी तिच्यासाठी एक नारळ फुटला.

आणि हे सगळं चांगलं चाललेलं मी माझ्या हातानं घालवलं.

झालं असं. शेवटच्या भागाला आठ दिवस राहिले होते. पायरीवर पैजा चालल्या होत्या, टाकी वाचणार, टँकरवाले हरणार. एकानं मला सहज विचारलं, "तू मोठी मालिका बघितलीस ना, मग तुला म्हाईत असंल की." आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण इतके दिवस मला कुणी काही विचारलंच नव्हतं. आठ सीझन पाहिलेला माणूस कोपऱ्यात वायर धरून बसला होता. ती सगळी विद्या फसफसून वर आली. मी म्हणालो, "काही वाचत नाही. मूळ मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये एक अधिकारी सांगतो, जलचौकी गेली आणि मग युद्ध सुरू झालं. सगळे मरतात. टाकीवालीपण."

प्रयागमावशींनी किटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "म्हंजी आपुन इतके दिवस मरणाऱ्या बाईला बघायलोत?" त्या मला म्हणाल्या. मी काहीतरी सारवासारव केली. त्या निघून गेल्या, तुकडा न बघता.

दुसऱ्या दिवशी पायरीवर चपला मोजक्याच. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. कुणी भांडलं नाही, कुणी मला बोललं नाही. जो तो एवढंच म्हणायचा की वेळ मिळाला न्हाई. पण मला कळत होतं. अख्खं वर्ष विहिरीत वाकून बघण्यात गेलेलं होतं. त्यात आणखी एक बुडती गोष्ट बघायला उन्हातून कोण येणार? कॅन सव्वावर आले. ड्रायव्हरनं वर कळवलं असावं, कारण सुपरवायझरचा फोन आला. येत्या शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः येतो, म्हणाला, दोन कॅन असले तर टेम्पो चालू, नसले तर शनिवारपासून बंद.

मी आप्पांपुढं जाऊन उभा राहिलो. रडायचाच बाकी होतो. म्हणालो, "आप्पा, माझ्यामुळं झालं." आप्पा मशीनची नळी धूत होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या साहेबानं सांगितलं ना, चौकी गेली म्हणून. त्यो तिथं हजर होता का?"

"नाही. तो दुसऱ्या ग्रहावर होता."

"म्हंजी ऐकीव. बरं, चौकी गेली म्हणला, का माणसं गेली म्हणला?"

मी आठवायला लागलो. तीनदा पाहिलेलं दृश्य, आणि मला ते वाक्य नेमकं आठवेना. आप्पांनी नळी झटकली. "ऐकीव फॅट मी लिव्हत न्हाई. रिटेस्ट घिऊ."

आता रिटेस्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण ते आमच्याच डेअरीचं होतं. एखाद्या सभासदाला आपल्या दुधाचा आकडा पटला नाही तर त्यानं हात वर करायचा. मग आधीचं सॅम्पल ओतून द्यायचं, किटलीतलं दूध पुन्हा ढवळायचं, आणि सगळ्यांसमक्ष नव्यानं तपासायचं. तोपर्यंत आधीचा आकडा कुणी तोंडानंसुद्धा उच्चारायचा नाही. आणि रिटेस्टला हजर राहणं हा सभासदाचा हक्क, तो गावानं कधी सोडला नव्हता. आप्पांनी दारावरचा जुना नियम पुसून खडूनं लिहिलं, "शुक्रवारी संध्याकाळी टाकीवालीची रिटेस्ट. शेवटचा भाग अखंड. सर्व सभासदांनी दुधासह हजर राहावे."

गुरुवारी गावात दुसरा विषय नव्हता. ज्या माणसांना मालिका नको होती, त्यांना रिटेस्ट हवी होती. हक्काचा प्रश्न होता.

शुक्रवारी मी सकाळीच पायरीवर बसून भाग उतरवून घेतला आणि बघितला नाही. शपथेवर सांगतो, बघितला नाही. माझं बोट दहा वेळा तिथं गेलं असेल. संध्याकाळी डेअरीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं. सुपरवायझर आला, भला माणूस, घामाघूम झालेला, त्याला खुर्ची दिली. दूध घालायला सुरुवात झाली. पहिला कॅन भरला. दुसरा चढत गेला, चढत गेला, आणि वितभर खाली थांबला. सगळ्यांचं घालून झालं होतं. आप्पांनी कॅनमध्ये वाकून पाहिलं. सुपरवायझरनंही पाहिलं. म्हणाला, "आप्पा, मला वर लिहून द्यावं लागतं." मागून कुणीतरी हळूच तांब्याभर पाण्याचं सुचवलं. आप्पांनी नुसतं त्या दिशेला बघितलं आणि तो आवाज पुन्हा आला नाही. मग ते म्हणाले, "टेम्पो निघायला अजून वेळ हाय साहेब. बसा. लाव रे."

लावला. टँकरवाल्यांची काळी जहाजं चौकीला घेरून उभी. आत आसरा घेतलेली बारकी बारकी जहाजं, टाक्या कोरड्या. टाकीवाली एकेकाला पाणी भरून देऊन काढून लावतीय. शेवटचं जहाज राहिलं आणि मोठी टाकी संपली. काटा शून्यावर. त्या जहाजात लेकरंबाळं. टाकीवाली उभी राहते, आत जाते, आणि आपल्या माणसांच्या पिण्याच्या बाटल्या एकेक करून त्या जहाजाच्या टाकीत ओतायला लागते.

प्रयागमावशी उठल्या. ऐन मोक्याला उठल्या, माणसांच्या मांड्यांवर पाय देत बाहेर गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या, हातात स्टीलचा पेला, पेल्यात उद्याच्या चहाचं दूध. आप्पांपुढं धरला. "घ्या."

बस, मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका उठल्या, माणसं उठली. कुणी कपात, कुणी वाटीत, कुणी लेकराच्या बाटलीच्या झाकणात आणतंय. आप्पांनी टीव्ही थांबवला. पडद्यावर टाकीवालीच्या हातातली बाटली वाकडी, पाण्याची धार मध्येच थबकलेली. आणि तुम्हाला सांगतो, आप्पा त्यातला प्रत्येक पेला तपासत बसले. चमचाभर काढ, मशीनमध्ये घाल, आकडा वाच, पावती फाड, मग कॅनमध्ये ओत. रांग लागली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून बेजार. सुपरवायझर खुर्चीच्या कडेवर आला होता. म्हणाला, "अहो आप्पा, एवढं एवढं काय तपासता, ओता की एकदम, बघू तरी द्या पुढं काय होतंय."

"तपासल्याबिगर कॅनमधी थेंब जाणार न्हाई साहेब. तुमीच पाठविलेलं मशीन हाय."

वीत चार बोटांवर आली. चार बोटं दोनावर. शेवटचा पेला त्या शेळीवाल्या आजोबांचा. मशीननं आकडा दाखवला, आप्पांनी ओतला, आणि दूध कॅनच्या गळ्याला लागलं. सुपरवायझर उठून आला, बघितलं, खिशातून पेन काढलं, आणि लिहायच्या आधी म्हणाला, "आता लावा."

चौकी गेली. मी म्हणालो होतो तशीच गेली, पांढऱ्या उजेडात तुकडे तुकडे. डेअरीत एक सुस्कारा आला. माझी मान खाली. आणि मग त्या धुरातून एक डबड्या होडीएवढं जहाज बाहेर आलं. आत टाकीवाली, तिची सगळी माणसं कोंबून बसलेली, आणि खिडकीला नाक लावून ते सहा पायांचं जनावर. त्यानंतर डेअरीत जो गोंधळ झाला त्यात शेवटचे संवाद मला आजवर ऐकू आलेले नाहीत. आजोबांनी माझा मुका घेतला. सुपरवायझर मला विचारत होता, ह्याचा पुढचा भाग कधी येणार.

आप्पा तिथं नव्हते. ते ड्रायव्हरबरोबर कॅन टेम्पोत चढवत होते. प्रयागमावशी पळत बाहेर गेल्या, मी त्यांच्या मागं. "आप्पा, वाचली हो ती. समदे वाचले." आप्पा कॅनचं झाकण दाबून बघत होते. "लिव्हून ठिवा मग," म्हणाले, "रिटेस्टचा आकडा." पण टेम्पो गेल्यावर त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला, आणि तो डोळ्यांवर जरा जास्त वेळ धरला.

घरी जाऊन मी मूळ मालिकेतलं ते दृश्य काढून बघितलं. अधिकारी एवढंच म्हणतो की जलचौकी गेली. माणसांचं नावसुद्धा घेत नाही. मरणं मी माझ्या पदरची घातली होती, आणि तीनदा बघून घातली होती. सकाळी उठलो तर आईनं पुढं कोरा चहा ठेवला. त्या सकाळी अख्ख्या गावानं कोरा चहा प्यायला, आणि सुपरवायझरच्या कागदावर लिहिलं होतं, टेम्पो चालू ठेवणे.

टेम्पो पाऊस येईपर्यंत चालला आणि नंतरही. जनावरं छावणीतून परत आली. आप्पांनी प्रयागमावशींना मशीन शिकवलं. "तुमी लोकांना ऐन वक्ताला उठविता, तुमाला यील," एवढंच कारण सांगितलं. मी परीक्षा दिल्या, पडलो, परत दिल्या, आणि आता शेजारच्या तालुक्यात कारकून आहे. त्या वर्षी मला दुष्काळ आठवायला हवा, पण खरं सांगतो, आठवतात त्या सव्वापाचच्या चपला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा उन्हाळा होता तो.

आप्पा लिंगैक्य झाले ते पुढं दीडेक वर्षानं, थंडीत, पहाटे, झोपेत. मी सुट्टीवर घरीच होतो. त्यांच्या घरासमोर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आज डेअरी बंद ठेवू, आप्पा गेलेत. प्रयागमावशी त्या माणसाकडं वळल्या. "म्हशीला सांगून आलास का, आज दूध दिऊ नको म्हणून?" आत जाऊन त्यांनी आप्पांच्या खुंटीवरची किल्ली काढली, आप्पांच्या पाया पडल्या, आणि डेअरी उघडली.

मी तिथं गेलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत होती. रोजचे होतेच. पण ज्यांनी कित्येक महिन्यांत दूध घातलं नव्हतं, तेही किटल्या घेऊन उभे होते. मावशी डोळे पुसायच्या, सॅम्पल उजेडाकडं धरायच्या, मशीनमध्ये घालायच्या, पावती फाडायच्या. एकाचंही न तपासता घेतलं नाही, पेलाभर असलं तरी. त्या सकाळी तीन कॅन भरले. ते टेम्पोत चढले, टेम्पो वेळेवर निघाला, मावशींनी मशीन धुऊन ठेवलं, आणि मग आम्ही सगळे आप्पांना माती द्यायला गेलो.